काळ्या कापडाच्या आत

माझ्या नवऱ्याला दिसेनासं झालंय हे मला एका काचेमुळे कळलं.

आम्ही कर्जतला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर भाड्याचं घर होतं आणि घराच्या पडवीत आमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, उत्तरेचा उजेड यावा म्हणून काही कौलं काढून तिथे बसवलेली काच, ह्यांनी स्वतः रंगवलेला खांबांचा नि बागेचा पडदा, दोन खुर्च्या आणि मुंबईहून आणलेला लाकडी कॅमेरा. हे आधी मुंबईत एका स्टुडिओत कामाला होते. पडदे रंगवता रंगवता फोटो काढायला शिकले आणि स्वतःचं काहीतरी उभं करायचं म्हणून इकडे आले. भिवपुरीला विजेचं घर झालं होतं. तिथे लांबलांबहून नोकरीला आलेली माणसं बायकामुलांसह राहायची, त्यांना गावाकडे पाठवायला फोटो हवा असायचा. खालापूरकडच्या बऱ्या शेतकरी घरांतूनही बोलावणं यायचं. धंदा हळूहळू अंग धरत होता.

तेव्हा फोटो आधी काचेवर यायचा. काचेच्या एका अंगाला औषधाचा पातळ थर असे. फोटो काढून झाला की अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलापाशी, ती काच औषधाच्या पाण्यात धुवायची, मग माणसं हळूहळू वर यायची. हे काम हे एकटे करायचे. मी पाणी भरून द्यायची आणि दार लावून घ्यायची, एवढाच माझा संबंध.

एका सकाळी त्यांनी मला वाळत ठेवलेली काच उजेडाकडे धरून दाखवली. म्हणाले, "बघ, कशी स्वच्छ आलीय."

मी पाहिलं. पाच माणसं होती, पण एकाचंही तोंड ओळखू येत नव्हतं. नुसते धुराचे गोळे. मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तेव्हा माझं हसू तिथल्या तिथे जिरलं.

"अहो, हे पुसट आलंय सगळं."

त्यांनी काच खाली ठेवली. ठेवताना आधी हाताने टेबलाची कड चाचपली. ती चाचपणी मी कितीतरी दिवस पाहत असणार, पण तिचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

"दिवाळीत सामान आणायला म्हणून मुंबईला गेलो ना," ते म्हणाले, "तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. काचबिंदू आहे म्हणतात. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय तेही जाईल."

फोटोवाल्याला दिसत नाही हे एकदा बाहेर कळलं, की आमच्या पडवीत कोण येऊन बसणार? आणि मग आम्ही जायचं कुठे? माहेरी माझं कुणी उरलं नव्हतं. हे मुंबईला गेले तेव्हाच त्यांच्या भावांनी दार लावून घेतलं होतं.

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडवीच्या मध्यावर कॅमेरा उभा केला आणि मला हाक मारली. "ये. ह्या कापडाच्या आत शिर."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. काळ्या कापडात डोकं घातलं की आधी काहीच दिसायचं नाही, स्वतःच्या श्वासाने गुदमरल्यासारखं व्हायचं. मग दुधी काचेवर पडवी उमटायची, पण उलटी. पडद्यावरचे खांब वरून खाली लोंबकळत. मी खुर्चीवर पाण्याची कळशी ठेवायची आणि तिच्या काठावरची ठोक्यांची नक्षी मोजता येईपर्यंत भिंग पुढेमागे करायची. कळशीचं जमल्यावर शेजारणीच्या मांजराचं, मांजरानंतर ह्यांचं. काच धुवायलाही मी अंधाऱ्या खोलीत त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. समोर बसलेल्या माझ्या माणसाचे डोळे मी त्या काचेवर उलटे पाहत होते. ते अगदी नेहमीसारखे दिसायचे. आत काही बिघडलंय असं कुणालाही वाटलं नसतं, आणि आमची सगळी भिस्त त्यावरच होती.

गिऱ्हाइकांपुढे आम्ही नाटक करायचो. हे उभे राहून सगळ्यांशी बोलत, कुणी कुठे बसायचं ते सांगत. मग म्हणत, "बायकांचे पदर नीट आहेत का ते आमची मंडळी आतून बघतील." मी कापडात शिरून भिंग जुळवायची, काच बसवायची आणि हलकेच खाकरायची. मग ते भिंगावरची टोपी काढून तीन आकडे मोजत आणि पुन्हा लावत. लोक त्यांच्याकडे बघत राहायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे. पण दर वेळी मला वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, अहो, ह्यांना दिसत नाही.

तशात वैशाखात खालापूरच्या अलीकडच्या एका गावातून निरोप आला. मोठं शेतकरी घर होतं. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांच्या पोटात गाठ झाली होती आणि चार दिवसांनी त्यांना शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यायचं होतं. जाण्याआधी सगळं घर एकत्र फोटोत यावं ही त्यांची इच्छा. परत येतील की नाही हे कुणी बोलत नव्हतं, पण फोटो त्याचसाठी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही सकाळच्या गाडीने खोपोलीला उतरलो आणि तिथून त्यांच्या बैलगाडीने गेलो. अंगणात घोंगड्या अंथरलेल्या होत्या. लहानमोठी मिळून वीसेक माणसं. म्हातारे मध्ये खुर्चीवर बसले. अंगावरचा कोट आता त्यांना फार मोठा होत होता. एकवीस तोंडं एका वेळी जुळवायची माझी ती पहिलीच वेळ. कापडात शिरले तर कडेचे स्वच्छ झाले की मधले पुसट व्हायचे, मधले झाले की कडेचे. कसंबसं जुळवलं. खाकरले. ह्यांनी आकडे मोजले. झालं.

परतताना गाडीत मला एकच घोर होता. जमलं असेल का? दुपारी घरी पोचलो. हे म्हणाले, "ती काच उद्या पहाटे धुवू. आता पाणी तापलंय." आणि दमून पडवीतच झोपले.

मी थांबू शकले नाही. सकाळपर्यंत हा घोर घेऊन बसायचं माझ्याच्याने होईना. खोलीचं दार लावलं, फटींना गोधड्या लावल्या, लाल कंदील पेटवला आणि काच औषधात सोडली. आधी आभाळ आलं, मग माणसं आली. म्हाताऱ्यांचा कोट आला, त्यावरची बटणंसुद्धा. सगळी अगदी स्वच्छ. मला रडू फुटणार होतं. काच मी दुसऱ्या पाण्यात धरली. पाणी हाताला कोमट लागत होतं. आणि बघता बघता चित्राला सुरकुती पडली. दुधावरची साय बोटाने सरकावी तसा मधला भाग सरकला, दुमडला आणि सुटून पाण्यात तरंगू लागला. म्हातारे गेले, त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं गेली. मी बोटांनी तो थर धरायला गेले, तर तो बोटांनाच चिकटला.

बाहेरून आवाज आला, "अगं, आत आहेस का? धुतलीस का काय?"

"हो."

"कशी आलीय?"

दारापलीकडे ते उभे होते. मी काच त्यांच्या हातात दिली असती तरी त्यांना काही कळलं नसतं. हे मनात आलं आणि त्याच क्षणी तोंडातून निघून गेलं, "छान आलीय."

ते "बरं झालं" म्हणाले आणि चुलीकडे गेले. स्वतः चहा करून त्यांनी माझ्यासाठी दाराबाहेर कप ठेवला. तो चहा मी प्याले नाही. त्यांच्या डोळ्यांबद्दल लोकांना फसवत होतो तोवर आम्ही दोघं एका बाजूला होतो. आता त्यांनाच फसवलं होतं, आणि तेही किती सोपं होतं! मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी दिवा लावताना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वाटेत काच फुटली म्हणून सांगू. पुन्हा काढून देऊ."

"फुटली म्हणून सांगायचं, आणि पुन्हा असंच झालं तर?"

ते म्हणाले, "पाण्यात तुरटी घालायची असते उन्हाळ्यात. थर घट्ट होतो. तुला सांगायचं राहिलं. मी सगळं सांगितलंय असं धरून चाललो होतो."

दुसऱ्या दिवशी तशीच गाडी धरून आम्ही पुन्हा गेलो. न बोलावता आलेलं पाहून घरातली सगळी ओटीवर जमली. मी पदरातून काच काढली आणि म्हणाले, "माझ्या हातून खराब झाली. फोटो पुन्हा काढावा लागेल."

मोठ्या सुनेने काच उजेडाकडे धरली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आवो, ह्यात मामंजीच नाय! त्यांचंच तोंड पुसलंय!"

ओटीवर एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, हा अपशकुन हाय, आता मुंबईला न्यायचंच नाय. थोरला मुलगा माझ्या नवऱ्याच्या अंगावर धावून आला, "दोन दिसांनी माणूस चाललाय आनि तुमी हे दाखवायला आनलंत?" हे नुसते आवाजाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मी दोघांच्या मध्ये गेले.

"गप ऱ्हा रं," आतून म्हातारे म्हणाले. ते भिंतीला धरत बाहेर आले. त्यांनी काच मागितली. मधल्या मोकळ्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मी गेलो व्हय ह्यातून?"

"तुम्ही आणि शेजारचे दोघं," मी म्हणाले. "पाणी गरम होतं. मला धीर निघाला नाही, मी भर दुपारी धुवायला घेतलं. दुसरं काही कारण नाही, आजोबा."

"दुसरं काय नाय ना? खरं सांग."

"खरंच."

त्यांनी काच मला परत दिली. मग हळूच, जवळच्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मला लई भ्या वाटतं, पोरी. पोटावर सुरी चालवनार." त्यांच्या घरच्यांपैकी कुणी हे तोवर ऐकलं नसावं. थोरला मुलगा बाजूला वळला आणि खांबाशी जाऊन उभा राहिला.

म्हातारे खुर्चीवर टेकले. "परत काढा. पन तू काढ. काल बी तूच काढलास. तुज्या मालकाला दिसत नाय, ते मला कालच समजलं. मी ह्यांच्यासमोर विड्याचं पान धरलं, तर ह्ये भलतीकडंच बघत व्हते."

इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते असं सगळ्यांसमोर बोललं गेलं. ह्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "खरं आहे. फोटो हीच काढते. मी फक्त आकडे मोजतो."

"मग मोजा की," म्हातारे म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांदेखत, कुठलंही निमित्त न सांगता, कापडात शिरले. बाहेर येऊन मी त्यांचा कोट मागून दुमडून टाचला, सुनेच्या कडेवरचं मूल झोपेपर्यंत थांबले, आणि सावली अंगणाच्या मध्यावर आल्यावरच ह्यांना सांगितलं, "मोजा."

काच कर्जतला न्यायची माझी छाती नव्हती. त्यांच्या भाताच्या कणग्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. घरून आणलेली औषधं तिथेच मांडली. मोठ्या सुनेने रांजणाच्या तळाचं गार पाणी काढून दिलं, मी त्यात तुरटी फिरवली. ती म्हणाली, "मी हितंच बसते," आणि दाराला पाठ लावून बसली. तिला बघायचं होतं, सासऱ्यांचं तोंड येतं की नाही. लाल उजेडात आम्ही दोघी श्वास रोखून वाकलो. आभाळ आलं. माणसं आली. कोट आला. काच पाण्यातून काढून मी उभी धरली आणि सुरकुतीची वाट बघत राहिले. ती पडली नाही.

"हायेत गं, हायेत," सून पुटपुटली आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की काच माझ्या हातून सुटता सुटता राहिली.

म्हातारे मुंबईला गेले आणि परतही आले. पुढचा पावसाळा त्यांनी ओटीवर बसून पाहिला. दिवाळीनंतर मात्र दुखणं उलटलं आणि ते गेले. निरोप आला तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल, तर फोटो भिंतीवर नीट आहे ना. नंतर त्याची लाज वाटली.

फोटोवाल्याला दिसत नाही ही गोष्ट त्या घरातून महिनाभरात खालापूरभर आणि तिथून कर्जतला पोचली. काही गिऱ्हाइकं तुटली. एका साहेबी थाटाच्या गृहस्थांनी पडवीतून कुटुंबाला उठवून नेलं, बाईमाणसाच्या हातून फोटो काढायचा नाही म्हणून. पण ज्या घरांतल्या बायका परपुरुषापुढे तोंड वर करून बसत नसत, तिथून मला बोलावणी येऊ लागली. पुढे ह्यांना काहीच दिसेनासं झालं. औषधं मात्र तेच करत, वासावरून आणि बोटाला लागणाऱ्या चिकटपणावरून. त्यांच्या हातचं पाणी कधी चुकलं नाही.

भिवपुरीच्या वसाहतीतलं पहिलं मोठं काम आलं तेव्हा ह्यांना ताप होता. मी एकटीच गेले. कॅमेरा हमालाच्या डोक्यावर, काचा माझ्या पोटाशी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "फोटोवाले मागून येताहेत का?"

"मीच," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे एकदा, कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि फाटक उघडलं.