समोरच्या घराचा कोपरा

"यंत्राला चष्मा लागत नाही, यंत्राची कंबर धरत नाही आणि यंत्र उलट बोलत नाही," दादा म्हणाला.

"मग काउंटरवरही एक बसवू," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणणारं आणि दिवसभर पेपर वाचणारं. तुझी कमतरता कोणाला जाणवायची नाही."

वहिनीने दोघांच्या मधून चहाची किटली नेली आणि मुद्दाम जरा जोरात आपटली. भांडण सकाळी सातला सुरू झालं होतं, आता साडेआठ होत आले होते, आणि चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागला होता.

दादा ताईहून दोन वर्षांनी मोठा. पण दुकानात येणारा जो तो तिला ताई म्हणायचा, त्या नादाने तोही ताईच म्हणू लागला होता. दुकान वडिलांचं, बंदुकांचं. खाली दुकान, वर घर. विकायचं काम दादाचं आणि बंदुकीवर दुर्बीण बसवायचं काम ताईचं, वडील गेल्यापासून. त्याच्या आधी तिचं लग्नही होऊन गेलं होतं. मोजून चार महिने. नवऱ्याच्या घरातल्या सगळ्या तसबिरी वाकड्या होत्या. तिने पहिल्याच आठवड्यात त्या सरळ केल्या आणि सासूने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. तिथून जे सुरू झालं ते ताई परत येईपर्यंत थांबलं नाही. ती आली तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही. नुसता स्क्रू पिळायचा पाना पुढे केला.

नेमबाजीच्या क्लबात तिला मागून सगळे 'ओळंबा' म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. तिला ते माहीत होतं. तिला ते आवडायचंही, पण तसं दाखवण्याइतकी ती खुळी नव्हती.

आजचं भांडण दाताच्या डॉक्टरांवरून होतं. डॉक्टर क्लबाच्या स्पर्धेत सहाशे मीटरवर हरले होते. हरण्याचं त्यांना काही नव्हतं, ते बरेचदा हरायचे. पण या वेळी ते सख्ख्या मेहुण्याकडून हरले होते, आणि तेही चार बोटांनी. सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून, झकास, फक्त चार बोटं उजवीकडे. दुर्बीण ताईने बसवलेली. डॉक्टरांनी काल संध्याकाळी दादाला फोन करून अर्धा तास सुनावलं होतं.

"आणि मी ऐकून घेतलं," दादा म्हणाला. "लेझरचं यंत्र आलं की बंदुकीच्या नळीत घालायचं, बटण दाबायचं, झालं. तू आता आराम कर. समोरची खोली आईला देऊ, तिथे ऊन येतं."

"मला कशाला ऊन?" आई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाली. "मी काय ओला टॉवेल आहे?"

"तुमच्या भल्याचंच बोलतायत ते," वहिनी म्हणाली.

"माझ्या भल्याचं बोलायला लागले की माझी खुर्ची हलते. मागच्या वेळी न्हाणीघराजवळ गेली होती."

समोरची खोली म्हणजे ताईची कामाची खोली. एक जाड टेबल, टेबलाला जखडलेली पकड, आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. ताईने कप बशीत ठेवला आणि कान बरोबर उजवीकडे येईल असा फिरवला.

"आज डॉक्टरांना बंदूक घेऊन क्लबाच्या रेंजवर बोलावते," ती म्हणाली. "चूक माझी निघाली तर आण तुझं यंत्र. डॉक्टरांची निघाली तर या घरात यंत्राचं नाव काढायचं नाही."

"आणि चूक तुझी निघाली हे सांगणार कोण? तूच ना?"

"मग काय, डॉक्टर सांगणार? त्यांना दाढ आणि सुळा सोडून काही ओळखू येत नाही."

*

दुर्बीण बसवणं हे काम दिसायला पाच मिनिटांचं. खालच्या अर्ध्या कड्या बंदुकीवर, त्यात दुर्बिणीची नळी, वर वरच्या अर्ध्या कड्या, चार-आठ स्क्रू. बरेच जण घरीच करतात आणि मग भुवईला टाके घालून ताईकडे येतात. कारण दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली की गोळी सुटल्यावर ती मागे येऊन कपाळाचा मुका घेते. ताई गिऱ्हाइकाला समोर बसवायची, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगायची, मग उघडायला. चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे सरकवायची. स्क्रू एकदम पिळायचे नाहीत, हा थोडा, तो समोरचा थोडा. "घरातल्या माणसांसारखं," ती म्हणायची. "एकालाच आवळत बसलं की दुसरीकडून उचकटतं."

पण तिची खरी ख्याती होती ती रेघेसाठी. दुर्बिणीतून पाहिलं की दोन बारीक रेघांची फुली दिसते. त्यातली उभी रेघ खरोखर उभी हवी. त्यासाठी ताई बंदूक पकडीत घट्ट धरायची, पाठीवर पाण्यात बुडबुडा असलेली बारकी पातळी ठेवून ती सपाट आहे याची खात्री करायची, गोळी सुटूच नये म्हणून बंदुकीचा बोल्ट काढून खणात टाकायची, आणि मग खिडकीतून समोरच्या दुमजली घराच्या कोपऱ्याकडे बघत दुर्बीण कडीत हळूहळू फिरवायची. उभी रेघ त्या कोपऱ्यावर तंतोतंत बसली की स्क्रू पक्के. तो कोपरा वडिलांनी ओळंबा सोडून तपासला होता. "हा कोपरा देवाने नाही, चांगल्या गवंड्याने बांधलाय," ते म्हणाले होते, "डोळे झाकून विश्वास ठेव." ताईने डोळे उघडे ठेवून ठेवला, तीस वर्षं. समोरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यांच्यावर रोखलेली रिकामी नळी बघायच्या आणि हात हलवायच्या. नवीन पाहुणा आला की त्या त्याला आधीच सांगून ठेवायच्या.

*

डॉक्टर रेंजवर वेळेआधी हजर होते. उंच, गोरे, हात अतिशय स्वच्छ. बंदुकीवर त्यांनी स्वतःची अशी एक पातळी कायमची चिकटवून घेतली होती, आणि तिचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ते चापाला बोट लावत नसत.

"ताई, मला हरल्याचं दुःख नाही," ते म्हणाले.

"नाहीच."

"पण मेहुणा काल जेवायला घरी आला होता. स्वतःचा कप घेऊन. बक्षिसाचा कप. त्यात पाणी प्यायला."

"तुम्ही चाप ओढताना दाढ उपटल्यासारखा ओढता का?"

"मी दाढ फार अलगद काढतो," डॉक्टर दुखावून म्हणाले.

आधी शंभर मीटर. तीन गोळ्या, तिन्ही मधोमध, नाण्याखाली झाकतील अशा. डॉक्टरांचा चेहरा उतरला. बंदूक बरोबर आहे म्हणजे चूक त्यांचीच, आणि मेहुणा आता जन्मभर कपातच पाणी पिणार. ताईला मनातून उकळ्या फुटत होत्या. यंत्र गेलं, खोली राहिली. इथेच बंदूक पिशवीत घातली असती तर दुपारच्या जेवणाला ती राणीसारखी बसली असती.

पण एक तपासणी राहिली होती, आणि राहिलेलं काम दिसलं की ताईच्या हाताला खाज सुटायची. तिने शंभर मीटरवर माणसाच्या उंचीचा पुठ्ठा उभा केला, दोरीला दगड बांधून त्यावर एक उभी रेघ आखली आणि डॉक्टरांना तळाशी एक गोळी मारायला लावली. गोळी रेघेवर लागली. मग दुर्बिणीवरची टिकटिक वाजणारी चकती तिने साठ टिक वर फिरवली. सहाशे मीटरवर मारायचं तर गोळी वाटेत बरीच खाली येते, म्हणून दुर्बिणीला तेवढं चढवावं लागतं. "आता परत तिथेच, तळाशीच नेम धरा," ती म्हणाली. "बुडबुडा बघून."

दुसरी गोळी बरीच वर लागली. लागायलाच हवी होती. पण रेघेवर नाही, रेघेच्या उजवीकडे. आणखी वीस टिक चढवले. आणखी वर, आणखी उजवीकडे.

ताई पुठ्ठ्याजवळ जाऊन उभी राहिली. तीन भोकं तिरकी चढत गेली होती, जिना चढताना कठड्याला टेकलेल्या माणसासारखी. शंभर मीटरवर कळलंच नसतं, तिथे काही चढवावं लागत नाही. जितकं लांब मारू तितकं हे उजवीकडे सरकणार. याचा अर्थ एकच होता. डॉक्टर बंदूक सरळ धरत होते, आणि आतली रेघ वाकडी होती.

"वारा असेल," डॉक्टर मागून म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच तसं समजायला तयार होते. तिने नुसतं "असेल" म्हटलं असतं, गुपचूप कड्या सैल करून रेघ नीट केली असती, तर प्रश्न मिटला असता.

"बंदूक ठेवून जा," ती म्हणाली. "संध्याकाळी बोलते."

*

घरी आल्यावर ती थेट कामाच्या खोलीत गेली. बंदूक पकडीत लावली, पातळी ठेवली, दुर्बिणीला डोळा लावला. रेघ समोरच्या कोपऱ्यावर तंतोतंत. तिला हायसं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं. मग तिने वहिनीच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ उचललं, दोऱ्याला दाराचं कुलूप बांधलं आणि खिडकीच्या वरच्या चौकटीला लटकवलं.

कुलूप डोलायचं थांबलं. दोरा कोपऱ्याच्या तळाशी जुळेल अशी ती उभी राहिली. वर कौलांपाशी दोरा एकीकडे होता आणि कोपरा दुसरीकडे. मधे बोटभर आकाश दिसत होतं.

तिने एक डोळा मिटला, मग दुसरा. आकाश होतं तिथेच राहिलं.

"दोरा कोणी घेतला?" म्हणत वहिनी आत आली आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "अगं बाई, त्यांचं घर मोजताय होय. किती कललंय?"

ताई वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"कोणाला माहीत नाही? बाजूला ते तळघर खणलं ना, तेव्हापासून. तीन वर्षं झाली. त्यांचं कपाट बंदच होत नाही. दाराला दोरी बांधतात."

"बॉल ठेवला की खिडकीकडे पळतो," बाहेरून आई म्हणाली. एरवी तिला हाक ऐकू यायची नाही. "समोरची म्हणते, केर काढायला बरं पडतं. सगळा एका बाजूला जमतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं?" आई म्हणाली. "तू तर रोज दुर्बीण लावून बघतेस. आम्हाला वाटलं, आमच्यापेक्षा तुला जास्त दिसत असेल."

ताई स्टुलावर बसली. तीन वर्षं. वडिलांचा ओळंबा याच टेबलाच्या खणात होता, पितळेचा, गुंडाळून ठेवलेला. खिडकीत लटकवायला मिनिट लागलं नसतं. तिने दुसऱ्यांच्या घरातल्या तसबिरी सरळ केल्या होत्या, क्लबाची पाटी सरळ केली होती, मामाच्या अंत्ययात्रेत तर लोक डोळे पुसत असताना हिने त्याच्या फोटोची चौकट सारखी केली होती. आणि तीन वर्षं जी जी बंदूक या टेबलावरून गेली तिच्यात एक कललेलं घर बसवून दिलं होतं.

जेवणाच्या टेबलावर दादाला सगळं वहिनीकडून आधीच कळलेलं होतं. त्याने घास गिळला आणि समजूतदार चेहरा केला. हा चेहरा त्याला शोभत नसे.

"हे बघ," तो म्हणाला, "तीन वर्षांत तक्रार कोणाची आली? एकट्या डॉक्टरांची."

"कारण ते एकटेच पातळी बघून बंदूक धरतात. बाकीचे आत रेघ सरळ दिसेल अशी धरतात. म्हणजे बंदूकच कलती धरतात, आणि वाकडं वाकड्यात जिरून जातं."

"जिरतंय ना? मग जिरू दे. डॉक्टरांची गुपचूप नीट कर, वारा होता म्हणून सांग. यंत्र मी आणतोच. तू पैज हरलीस, पण मी बाहेर बोलणार नाही. झाकली मूठ."

"किती समजूतदार आहेत," वहिनी पाण्याचा जग ठेवत म्हणाली. ती हे कोणाला म्हणाली ते कळायला मार्ग नव्हता.

ताईने ताट पूर्ण केलं. चमचा ताटात मधोमध ठेवला. मग तिने तो जरा तिरका केला, बघितलं, आणि तसाच राहू दिला.

"डॉक्टरांना आत्ताच फोन केला मी," ती म्हणाली. "चूक माझी होती, सांगितलं. ते रडायचे बाकी होते. म्हणाले, मेहुण्यासमोर हेच सांगायला येशील का. येते म्हटलं."

दादाचा हात ताटातच थांबला. "बाहेर सांगितलंस?"

"यंत्र आण. ते नळीत बघतं, रेघ उभी आहे का ते त्याला कळत नाही, पण आण. बटण तू दाब. समोरची खोली मात्र आईला मिळणार नाही."

"मी मागितली कुठे होती?" आई म्हणाली.

"तीन वर्षांत इथून गेलेल्या सगळ्या बंदुका परत येणार आहेत. एकूण एक. कोणाची कोणती ते मला पाठ आहे. उद्या सकाळपासून फोन मी करणार, कारण विचारलं की कारण सांगणार. बाबांचा ओळंबा खिडकीत लटकलाय, तो कोणी काढायचा नाही आणि त्यावर ओले रुमाल टाकायचे नाहीत. आणि मला दुसरं टेबल लागेल, म्हणून हे मी घेतेय. उद्यापासून जेवण स्वयंपाकघरात, जमिनीवर."