सदाच्या रॉकेटचं गाऱ्हाणं

स्वारगेटहून एसटी सुटली तेव्हा मी खुशीत होतो, हे आधीच सांगून टाकतो. सदा माझा कॉलेजातला मित्र. दक्षिणेतल्या रॉकेट केंद्रावर इंजिनियर झाला आणि तेव्हापासून माझ्या सासुरवाडीसकट सगळ्यांनी त्याच्या नावाने मला टोमणे मारले. त्या सत्त्याऐंशी साली त्याच्या तुकडीने सोडलेलं रॉकेट समुद्रात पडलं. सदा रत्नागिरीला घरी येऊन बसला आणि विचारू लागला, तुमच्या कॉलेजात फिजिक्सची जागा आहे का? होती. माझ्या हाताखालची होती! ते सांगायला मी जातीने निघालो होतो.

कुंभार्ली घाट उतरलो आणि सावर्ड्याला टायर बसलं. "उतरा, भजी खावा. टायर काय पळून जात नाय," कंडक्टर म्हणाला. बाकीचे चरफडत होते. मी मात्र गरम भजी खात, सदा माझ्यासमोर हजेरीपटावर सही करतोय असं चित्र रंगवत बसलो.

भाट्याची खाडी ओलांडली की थोडं पुढे सदाचं गाव. दिवाळी नुकतीच झाली होती. कातळावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) गवत पिवळं पडलं होतं आणि खाली निळाशार समुद्र पसरला होता. माझ्या घरच्या खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. याला मात्र समुद्रसुद्धा दारात!

जेवायला तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढी होती. सदा नुसता भात चिवडत होता. "ह्यो एवढासाच जेवतो. तू तरी पोटभर घे रे," त्याची आई म्हणाली. मी जागेचं सांगितलं. सदा खाली बघत म्हणाला, "बहुतेक येतोच रे, मधू. परत तिकडे जायचं धाडस होत नाही." मी तिसऱ्यांदा भात घेतला.

दुपारी त्याचे वडील, आप्पा, माझ्याजवळ आले. "सांजच्याला देवळात लोका जमणार हायत. ह्यो काय काम करतो, ता कोणाला म्हाईत नाय. आन् ह्यो तोंड उघडीत नाय. तू प्रोफेसर. तूच सांग."

आंधळा मागतो एक डोळा! सदाच्या गावात, सदाच्या विषयावर, सदाला मागे बसवून मी बोललो. बांबूत दारू भरून बाण उडवणारे चिनी सांगितले. लोखंडी नळ्यांची रॉकेटं इंग्रजांवर सोडून त्यांचे घोडे उधळवणारी म्हैसूरची फौज सांगितली, आणि तीच विद्या उचलून जगभर गावं जाळणारे इंग्रजही. लंडनवर कोसळलेली जर्मन रॉकेटं, मग त्याच विद्येवर आभाळात गेलेले उपग्रह, चंद्रावरची माणसं, रशियनांच्या यानातून जाऊन आलेला आपला माणूस. "उपग्रह नेणारं रॉकेट परत यायचं नसतं," मी ठासून सांगितलं. "खाली आलं म्हणजे फसलं." मग सदाचं रॉकेट कसं खाली आलं, ते गरजेपेक्षा जरा जास्तच रंगवून सांगितलं.

एक म्हातारी म्हणाली, "कोणाच्या अंगावर नाय ना पडला?"

"नाही. समुद्रात."

"मग बरा झाला."

तेवढ्यात गुरव उठला. इथे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि जमलेले हुंकार भरतात. मुंबईला निघालेल्या पोरासाठी घालतात, होडी दर्यात लोटताना घालतात. आता ते सदासाठी होतं.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकराचा रॉकेट एक डाव पडला. आता तरी त्याला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रॉकेट वर जाऊ दे, आन् गेला तसा सुखरूप माघारी घरला येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अरे, डोंबल! तासभर घसा फोडून मी काय सांगितलं होतं? माघारी आलं तर परत बोंबाबोंबच की! मी बोलायला उठणार, तोच सदाने माझी बाही ओढली. "गप बस, मधू." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" त्याचाच होता.

घरी परतताना तो म्हणाला, "सोमवारी केंद्रावर जातो. ती जागा दुसऱ्या कुणाला दे." मी "छान" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या एसटीत मी जळत होतो. मला त्याच्या रॉकेटचा हेवा उरलाच नव्हता. हेवा त्याच्या पडण्याचा वाटत होता. माझा डॉक्टरेटचा प्रबंध परत आला, तेव्हा माझ्यासाठी कोण उठलं होतं? दार लावून पंख्याखाली एकटा पडून होतो मी.

घरी पोचल्यावर बायकोला सगळं सांगितलं. वैतागून विचारलं, "माझा प्रबंध परत आला, तेव्हा माझ्यासाठी घातलं का गं कुणी गाऱ्हाणं?"

ती चहा गाळता गाळता थांबली.

"प्रबंध परत आला होता?" ती म्हणाली. "कधी?"