कव्हरवर नसलेली दोन नावं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते राहू दे.

आधी माझ्याविषयी. हॅनोव्हरला माझा छोटा स्टुडिओ आहे. मी रेकॉर्ड प्रोड्यूस करतो, आणि उत्तम करतो. उगाच विनय कशाला? २०१० नंतरच्या काही वर्षांत मी अग्निशमन दलाच्या बँडपासून तुर्की लग्नातल्या गायकापर्यंत सगळ्यांची कामं केली. चर्चचा कॉयर, मेटल वाजवून कान किटवणारी चौघं, महाराष्ट्र मंडळाच्या आरत्या. फारशी कुणाला माहीत नाहीत, पण प्रत्येक कव्हरमागे माझं नाव आहे. परवा एका मासिकाच्या बाईंनी माझ्या अशा कामांची यादी मागितली. मी लगेच दिली. एक रेकॉर्ड सोडून.

तोच माझा सगळ्यांत चांगला रेकॉर्ड.

माझी आत्या, शेवंताबाई, नांदेडची. जयंतीच्या स्टेजवर चाळीस वर्षं भीमगीतं गायली. ती आमच्याकडे तीन महिने राहायला आली होती. एकदा स्टुडिओत सहज गुणगुणली, आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आठ गाणी केली. पेटी तिची, ढोलकी माझी. तिचा एक श्वाससुद्धा मी कापला नाही.

मग कव्हर छापायची वेळ आली. आणि मी — कसं सांगू? मंडळातल्या लोकांकडून मला सतत काम येई. माझ्या आडनावावरून त्यांना माझी जात कळत नव्हती, आणि मीही कळू देत नव्हतो. भीमगीतांवर माझं नाव दिसलं असतं तर कळली असती. कुणी मला कधी वावगं बोललं होतं का? नाही. मी आधीच घाबरून बसलो होतो.

कव्हरचा नमुना बघून आत्यानं विचारलं, "तुझं नाव कुठाय रे?"

"घरच्या माणसाची गाणी असली की आपलं नाव टाकता येत नाही," मी म्हणालो. "फोरश्रिफ्ट आहे इथं. नियम."

जर्मनीत कशाचाही नियम असू शकतो, हे तिला पटलेलं होतं. कचऱ्याच्या डब्यांवरून शेजारीण तिला दोनदा बोलली होती. तिनं नमुना माझ्या हातात परत दिला.

"मग माझं बी नको टाकू. तुझं नाही तर माझं कशाला? दोघांनी मिळून केलंय."

तिथं एका वाक्यात मला सगळं सावरता आलं असतं. तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापलं जाणार होतं, आणि ते मला माहीत होतं. मी छापखान्याला तिच्या नावाची ओळ काढायला सांगितली. गावी जाऊन तिनं सीडी वाटल्या, आणि प्रत्येकाला जर्मनीचा तो नियम समजावून सांगितला. मला अजून त्याची लाज वाटते.

पण तेवढंच नाही. दोन वर्षांनी पुण्याच्या एक शास्त्रीय गायिका माझ्याकडे रेकॉर्डिंगला आल्या. मी त्यांना तो रेकॉर्ड ऐकवला. का? — मिरवायला, दुसरं काय. त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"काय आवाज आहे हो! कोण आहेत या?"

मी कव्हर उलटून त्यांच्यापुढे धरलं.

"माहीत नाही," म्हणालो. "नाव छापलेलं नाही."