राहूच्या बंगल्यातला कॅमेरा
ओल्या गोधडीचा वास आला की राहू गावातला तो बंगला आठवतो. तिथली धुणी-भांडी करून आईनं मला घरातली पहिली ग्रॅज्युएट केलं. त्याच बंगल्याचा सीसीटीव्ही कॅमेरा रोज सकाळी बंद पडायचा. दुरुस्तीचं माझं ते पहिलंच काम. फसलं असतं, तर गावात दुसरं मिळालं नसतं. “पोरगी चढती व्हय शिडीवर?” मालक म्हणाले. “चढती की, आप्पा. तुम्ही शिडी धरा.” वर जाऊन कॅमेऱ्यात खोचलेला केबलचा सैल जॅक घट्ट केला, तेवढ्यात केबलला हिसका बसला. खाली बघते, तर आई केबलवर ओली गोधडी टाकत होती! “अगं आई, ती कॅमेऱ्याची वायर हाय!” “मला वाटलं दोरीच. वरीसभर हितंच वाळवती मी.” आप्पांना हसू आवरेना. मी केबल पाइपातून नेली, आईला दोरी बांधून दिली आणि कॅमेरा पुन्हा बंद पडला नाही. आज दौंडात माझं स्वतःचं दुकान आहे आणि आई कुणाची धुणी धूत नाही.