टिल्लू घरात राहावा म्हणून

शोभाकाकू कुलूप लावून ते ओढून बघत. फाटकापर्यंत जात, परत येत, पुन्हा ओढत.

गॅस बंद केला की "बंद" असं मोठ्याने म्हणत. नंतर आठवावं म्हणून.

दार वाजलं की आधी खिडकीतून चपला बघत, मग माणूस.

चहाची पहिली बशी टिल्लूची. फुंकर घालून, गार करून.

कापूस घरात असला की मधल्या खोलीत उदबत्ती लावत नसत. तेवढ्यापुरते देव स्वयंपाकघरात जात.

नवीन माणूस आला की त्याला सांगत, "हा चावत नाही." मग टिल्लूला सांगत, "हे चांगले आहेत बरं."

टिल्लू म्हणजे वासराएवढा कुत्रा. ओंजळीत मावत होता तेव्हा नाव पडलं, ते राहिलं. आता तो म्हातारा झाला होता. कान गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू पडला होता. चोर आला तर हा शेपूट हलवेल, हे काकूंना ठाऊक होतं.

काकू यवतमाळच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा क्षितिज पुण्याला. कळंबच्या घरात खाली त्या आणि टिल्लू. वर भाडेकरू भैरवी, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी. शेत धावजीकडे बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर होतं. त्याचा तांडा शेताला लागूनच.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. व्यापारी दारात येत, कापूस मुठीत चुरत आणि तोंड वाकडं करून निघून जात. मग ज्याने त्याने पलंग बाहेर काढले आणि खोल्यांत कापूस भरला. भाव चढेल तेव्हा विकू. कापूस घरात, म्हणून चोरही घरांकडे वळले. शेजारचे कमलाकरराव वणीला लग्नाला गेले आणि भरदुपारी मागचं दार उचकटून कोणी त्यांचा कापूस चादरींत बांधून नेला.

त्या दिवसापासून काकूंचं जेवण कमी झालं. क्षितिजने यवतमाळच्या एका दुकानातून अलार्म पाठवला. बसवायला दुकानातला अनिकेत आला.

"काकू, हा डबा माणसाच्या उबेवर चालते. कोणी हललं का बोंबलते. आन तुमच्या मुलाले फोन जाते."

"आणि टिल्लू?"

"वजन किती त्याचं?"

काकूंनी टिल्लूला कापसाच्या काट्यावर उभं केलं. आकडा बघून अनिकेत हसला. "हे कुत्रं नाही, पोतं हाये. तरी बसते हिशोबात. जमिनीवरचं जनावर याले दिसत नाही. डबा उंच ठेवतो."

त्याने मधल्या खोलीत डबा लावला. टिल्लूला इकडून तिकडे चालवून पाहिलं. डबा गप्प. काकू खोलीत आल्या, तर गल्ली दणाणली. सगळ्यांना पटलं.

खोलीत तेव्हा पहिल्या वेचणीचा थोडाच कापूस होता, एका कोपऱ्यात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वेचणीचा कापूस आला. धावजीने ढीग पार खिडकीच्या वर नेला.

काकू चिंतामणीच्या दर्शनाला गेल्या. टिल्लूला थंडी वाजली असेल. तो उबेला म्हणून ढिगावर चढला आणि थेट डब्यासमोर जाऊन बसला.

पहिल्यांदा सगळी गल्ली धावली. दुसऱ्यांदा निम्मी. मग कमलाकरराव नुसते गच्चीवरून ओरडत, "शोभावहिनी, तुमच्या टिल्लूनं कीर्तन लावलं!"

"भाऊजी, तुमच्याकडे चोरी झाली तेव्हा कीर्तन असतं तर बरं झालं असतं!"

उत्तर दिलं तरी त्या घरात येऊन घाम पुसत. आता खरंच कोणी शिरलं तर? लोक म्हणतील, टिल्लू असेल. डबा बंद ठेवून बाहेर जायची हिंमत नव्हती, सुरू ठेवून जायचीही नव्हती. टिल्लूला पडवीत बांधलं, तर तो रडायचा. मधल्या खोलीचं दार कापसाने दाबलं गेलं होतं, लागत नव्हतं. काकूंनी बाहेर जाणंच सोडलं. दळण भैरवी आणू लागली.

तिकडे क्षितिजला ऑफिसात फोन जात होते. एक दिवस तो वैतागला.

"आई, एक तर अलार्म, नाही तर टिल्लू. मी धावजीला सांगितलंय. रविवारी येऊन नेईल. शेतावर मोकळा राहील."

"अरे, शेतावर सगळ्यांनी डुकरांसाठी तारेत करंट सोडलाय. याला दिसत नाही."

"धावजी बघेल ना."

"धावजी वेचणी बघेल का याला बघेल?"

"बघू," म्हणून क्षितिजने फोन ठेवला. पण धावजीला येऊ नको सांगतो, असं म्हणाला नाही.

काकू त्या दिवशी पायरीवर बसून राहिल्या. टिल्लू शेजारी. भैरवी वरून उतरली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "चोर दारातून येईल ना गं? टिल्लू तर आधीपासून आत आहे. मग खोली कायले राखायची? दार राखू."

अलार्मच्या खोक्यात एक पुडी तशीच पडून होती. पांढऱ्या तुकड्यांच्या जोड्या. एक तुकडा चौकटीवर, एक दारावर. दार उघडून दोघांत अंतर पडलं की अलार्म वाजतो. अनिकेत म्हणाला होता, एवढ्याशा घराला एक डबा पुरे. काकूंनी त्याला फोन लावला.

"होते ना काकू. आतल्या डब्याचं उबेचं बटन तेवढं बंद करून टाका. सोमवारी येऊन बसवून देतो."

"रविवारच्या आधी ये रे बापा."

"मी वणीत अडकून राह्यलो. नाही जमत."

मग काकूंनी स्वतःच हत्यारं काढली. टाइपरायटर बिघडला तर मेकॅनिकची वाट कोण बघणार, म्हणून कोर्टात असतानाच त्यांनी छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. तुकडे चिकटवून पाहिले, पण तेलपाण्याने मुरलेल्या सागवानावर ते टिकेनात. मग स्क्रूने बसवले. मागचं दार झालं. खिडक्या झाल्या. आतल्या डब्याचं उबेचं बटण बंद केलं. भैरवीने मागचं दार बाहेरून ढकललं आणि अलार्म कोकलला. टिल्लू ढिगावर लोळत होता, तेव्हा मात्र अलार्म गप्प होता. काकू किती तरी दिवसांनी हसल्या.

"आता धावजीला फोन करा," भैरवी म्हणाली. "येऊ नको म्हणावं."

"समोरचं दार होऊ दे. अर्धवट सांगितलं तर क्षितिज म्हणेल, बघू. पुरं करून सांगते."

शनिवारी दुपारी भैरवी कॉलेजातून आली. काकू समोरच्या दारात बसल्या होत्या. पाठ चौकटीला, स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर. तिने हाक मारली. मग खांदा हलवला. टिल्लू बाजूलाच झोपला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

रविवारी क्षितिज पोचला. घर माणसांनी भरलं. धावजी आला तो टेम्पो घेऊन, हातात दोर. त्याला कोणी काही कळवलं नव्हतं. दारातल्या चपला बघून तो फाटकातच थांबला.

भैरवी बाहेर गेली. तिने सांगितलं. धावजी तिथेच खाली बसला.

"बाईनं मले फोन नाही केला," हातातला दोर गुंडाळत तो म्हणाला.

"करणार होत्या. टिल्लूला नेऊ नका म्हणून."

धावजीने दोर परत टेम्पोत टाकला आणि क्षितिजजवळ जाऊन उभा राहिला. क्षितिज समोरच्या दाराकडे बघत होता. चौकटीवर काकूंनी बसवलेला तुकडा होता. एक स्क्रू घट्ट, दुसरा अर्धा आत गेलेला. दारावरचा तुकडा बसवायचा राहिला होता.