एक गाळा आणि आमचं डिझाइन थिंकिंग

वर्कशॉपच्या कोपऱ्यात भंगार साठतं. कुणी मुद्दाम साठवत नाही, फक्त कुणी उचलत नाही. आमच्या इनोव्हेशन सेंटरचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. सेंटर निघालं तेव्हा "तुम्हाला हत्यारं कळतात" म्हणून मलाच को-ऑर्डिनेटर केलं. माणसं कळायला लागली ती त्यानंतर!

*

उद्घाटनाला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. म्हणाले, "डिझाइन थिंकिंग म्हणजे आधी माणसाची अडचण समजून घेणं. आणि ती सोडवायची जोखीम जो घेतो तो उद्योजक." इथपर्यंत मला पटलं. मग म्हणाले, "भरपूर फेल व्हा! लवकर फेल व्हा! अपयश साजरं करा!"

शेजारी सलीमभाई बसले होते. कुपवाडला त्यांचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, आमच्या मुलांची सगळी मॉडेल्स तेच करून देतात. त्यांनी हात वर केला. "सर, आमचा एक जॉब फेल गेला की पार्टी शेजारच्या गाळ्यात जाती. साजरं कुनी करायचं, आमी का शेजाऱ्यानं?"

"हा माइंडसेटच बदलायचा आहे," तज्ज्ञ हसून म्हणाले. सलीमभाईंना पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं गेलं नाही.

*

एका टीमनं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसाठी खोकं डिझाइन केलं. प्रत्येक फळाला वेगळा कप्पा, आत फोम, वर खिडकी. फार देखणं! मुलं ते घेऊन एका शेतकऱ्याकडे गेली. त्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"किती बसत्यात?"

"आठ."

"आन् भरायला वेळ किती?"

ते मुलांनी मोजलंच नव्हतं. तो म्हणाला, "मग गड्यांनो, खोकीच विका. स्ट्रॉबेरी आमी खातो!"

मुलांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'शेतकऱ्याचा प्रतिसाद उत्साहवर्धक.' त्यावर सही माझी आहे.

*

तपासणी समिती यायची होती. डायरेक्टरसाहेबांचा हुकूम सुटला, "भिंत भरलेली दिसली पाहिजे!" मुलांनी दोन दिवस बसून रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, वर अडचण आणि तिच्याखाली उपाय. समितीच्या दिवशी सकाळी कुणीतरी पंखा लावला आणि निम्म्या खाली! आमच्या शिपाईमामांनी त्या गोळा करून हाताला येतील तशा लावून टाकल्या. ऊसतोडणीच्या अडचणीखाली पार्किंगचा उपाय आला.

समितीचे अध्यक्ष भिंतीसमोरून हलेनात. "काय अनपेक्षित जोडणी केलीय! यालाच क्रिएटिव्हिटी म्हणतात."

मामा माझ्या कानाशी आले. "सर, अजून हलवू का जरा?"

*

हसण्यासारखं इथं संपलं.

सुनीता कवठे महांकाळची, शेवटच्या वर्षाला. ती प्रश्नावली घेऊन कुठं गेली नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये बायकांबरोबर पंधरा दिवस जमिनीवर बसून तिनं बेदाणा निवडला. परत आली ती सांगत, "सर, दुपारनंतर एकीलाबी सरळ उठता येत न्हाई." मग सलीमभाईंकडून तिनं उंच टेबल करून घेतलं, एका ओळीत चौघी बसतील असं.

बायकांनी दोन दिवसांत ते बाजूला सारलं आणि पुन्हा जमिनीवर बसल्या. शेडमधल्या सगळ्यात जुन्या शांताबाई. त्यांनी कारण सांगितलं. "आगं, एका रांगंत बसून दिवसभर भिताडाशी बोलायचं व्हय?"

हे कुठल्या प्रश्नावलीत आलं असतं का? सुनीतानं टेबल मोडून समोरासमोर बसता येईल असं केलं, खाली पाय टेकायला दांडी दिली. सलीमभाईंनी चार वेळा कापलं, चार वेळा जोडलं, एकदाही कुरकुरले नाहीत. पाचवं टेबल बायकांनी परतच दिलं नाही! शेजारच्या शेडमधूनही मागणी आली.

आता तिला जागा हवी होती. आमचं सेंटर दर वर्षी एका टीमला कुपवाडमध्ये वर्षभर गाळा वापरायला देतं. घरच्यांनी बजावलं होतं, गाळा मिळाला तर कर धंदा, नाहीतर पुण्यात तिच्या मामानं बघितलेली नोकरी. इतक्या वर्षांत उद्योजक म्हणावं असं पोर मी एकच पाहिलं, ते हे.

*

निवडीच्या दिवशी शांताबाई आणखी एकीला घेऊन एसटीनं आल्या. दिवसाचं काम बुडवून. "आमी सांगतो की त्येंना!" पण बाहेरच्या माणसांना हॉलमध्ये सोडायचं नाही, असा नियम. दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या.

आत परीक्षकांनी विचारलं, "यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?"

परीक्षकांत डायरेक्टरसाहेबही होते. ते म्हणाले, "यूजर सर्व्हेचे फॉर्म?"

"फॉर्म न्हाईत, सर. त्या बाहेर बसल्यात. विचारा की."

"फॉर्मशिवाय मार्क देता येत नाहीत."

कोरे फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होते. भरून घ्यायचं मला सुचलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

गाळा गेला तिच्याच वर्गातल्या एका टीमला. त्यांनी ॲप केलं होतं. बेदाणा निवडणाऱ्या बायकांना दर तासाला 'आता उठा' अशी आठवण करून देणारं!

निकाल लागल्यावर सगळे व्हरांड्यात चहाला आले. बुटक्या टीपॉयवर रिकामे कप पडले होते. डायरेक्टरसाहेबांची नजर पायरीवर गेली. "मावशी, हे कप उचला बरं."

सुनीता पुढं झाली. शांताबाईंनी तिचा हात दाबला, उठल्या आणि वाकून वाकून सगळे कप गोळा केले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "सायेब, ह्या पोरीच्या टेबलावर बसाय लागल्यापास्नं लय आराम हाय बगा. तसलं एक हितंबी करून घ्या की."

डायरेक्टरसाहेबांनी चहात बिस्किट बुडवलं.

"कसलं टेबल?"