मौनी आणि सतरा नंबरची मुलगी

आमच्या घरात कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, आणि त्यात मी तर अर्क. तीस वर्षं शाळेत शिकवून आवाज असा कमावलाय की शेजारच्या वर्गाला वेगळी शिक्षिका लागू नये. अशा घरात माझ्या भावाला ही मुलगी झाली, मूग गिळून बसणारी. सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि विचारलं तर एखादं वाक्य बोलायची. मीच तिचं नाव मौनी पाडलं. तिनं स्पीच थेरपिस्ट व्हायचं ठरवलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. जिला स्वतःला बोलायला मुहूर्त लागतो, ती दुसऱ्यांना काय बोलायला शिकवणार?

तर तिला पहिली नोकरी लागली ती माझ्याच शाळेत, तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. खोली मिळाली जिन्याखालची, जुने नकाशे ठेवायची. तिनं नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले, भिंतीला आरसा लावला आणि दोन बुटक्या खुर्च्या मांडल्या. "मुलांशी खेळायचा पगार घेते," असं गणिताचे सर म्हणाले, त्यांना मी तिथल्या तिथे सुनावलं. पण खरं सांगते, धाकधूक मलाही होती.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्या चौथीच्या वर्गात मागे येऊन बसली. मी हजेरी घेत होते. सतरा नंबर म्हटलं आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "हजर!" सतरा नंबरची मुलगी बोलताना अडखळते, पहिलाच शब्द घशात अडकतो. तिला त्रास नको म्हणून ही पद्धत मीच पाडलेली. किती समंजस पोरं माझी, असं कौतुकही वाटायचं.

तास संपल्यावर मौनीनं विचारलं, "आत्या, ती स्वतः 'हजर' शेवटचं कधी म्हणाली?"

तिसरीपासून हा वर्ग माझ्याकडे, पण दोन वर्षांत एकदाही नाही. "अगं, आम्ही तिच्या भल्यासाठीच..."

"माहितीये. पण तिच्या वतीनं सगळेच बोलतात. तिनं कधी बोलायचं?"

असा राग आला मला! जिचं शेंबडं नाक मी पुसलं ती मला शिकवणार? संध्याकाळभर भांडी आपटली. पण दुसऱ्या दिवशी वर्गाला बजावलं, सतरा नंबरला कुणी तोंड उघडायचं नाही. नंबर पुकारला. सगळे चिडीचूप. तिनं नुसता हात वर केला. तेवढंही चालेल, असं मौनीनं सांगितलं होतं. वाट बघायची म्हणजे काय, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं; जीभ नुसती वळवळत होती. बाराव्या दिवशी लांबलेला 'ह' आला आणि त्याच्या मागून 'जर' आलं. मी पुढचा नंबर पुकारला, कारण टाळ्याबिळ्या वाजवायच्या नाहीत अशी मौनीची सक्त ताकीद होती.

पुढचे दोन महिने ती मुलगी मौनीच्या जिन्याखालच्या खोलीतही जात राहिली. मग माशी शिंकली. मुलीचे वडील बस चालवतात, ते मुख्याध्यापिकांकडे येऊन थडकले. मी मुलीला घेऊन तिथे पोचले तेव्हा मौनी समोर उभी होती आणि त्यांचा आवाज चढलेला होता. "माझ्या मुलीला वेगळ्या खोलीत नेऊन बसवता! लोक काय म्हणतील? बंद करा हे."

मुख्याध्यापिका मौनीकडे वळल्या. "पालकांनाच नको असेल, तर ही जागा चालू ठेवा असं मी समितीला कुठल्या तोंडानं सांगू?"

तीन महिने भरायला आठच दिवस उरले होते. तिच्या वतीनं भांडायला मी पदर खोचलाच होता, पण मौनीनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी खोचलेला पदर सोडला.

"तिलाच विचारूया," ती म्हणाली आणि मुलीसमोर उकिडवी बसली. "तुला काय वाटतं? यायचं, की बंद करायचं?"

मुलीनं तोंड उघडलं. मान ताठ झाली, पण शब्द काही बाहेर येईना. मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघायला लागल्या. वडिलांना राहवेना. "तिला म्हणायचंय की..."

मुलीनं त्यांचा दंड धरला. "ब... ब... बाबा, मी बोलते."

आणि बोलली. थांबत, अडखळत, पण स्वतः. "मला यायचंय. तिथे म... मला कुणी घाई करत नाही."

वडील खुर्चीत बसले. चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला. "मी करतो घाई?"

तिचे ओठ हलायला लागले. मुख्याध्यापिका मध्ये काहीतरी म्हणणार, तोच मी त्यांना हातानं थांबवलं. मुख्याध्यापिकांना! उभ्या नोकरीत पहिल्यांदा. माझ्या भाचीनं आवाज न चढवता आम्हा तिघा बडबड्यांना गप्प बसवलं होतं आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला होता. कायम केल्याचं पत्र आठ दिवसांनी आलं, पण मला ते तिथेच मिळालं.

"थ... थोडी," मुलगी म्हणाली.

वडिलांनी मान डोलावली. खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"बरं," ते म्हणाले. "अजून सांग."